आधी विहीर, मग बुरूज

आमच्या हॉस्टेलवर सध्या तीन शहरं बांधली जात आहेत आणि तिन्हींत प्यायला पाणी नाही. तट आहेत, बुरूज आहेत, एका शहरात तर बारा मजली मनोरा आहे आणि त्याला जिना नाही (जादूगार उडत वर जातो म्हणे!). दारूचा गुत्ता मात्र तिन्ही शहरांत आहे, अगदी चौकाच्या मधोमध. शेत एकातही नाही. ‘मग लोक खातात काय?’ असं विचारलं तर एक नकाशाकार म्हणाला, ‘मेसमध्ये!’ हसून सगळे मोकळे झाले आणि प्रश्न तिथेच राहिला.

ज्यांना ही काय भानगड आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी, विशेषतः आमच्या रात्रीच्या आरडाओरड्याने त्रासलेल्या रेक्टर सरांसाठी, थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्यात पट नसला तरी चालतं. पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, जगाचं वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार ढकलतो’, ‘मी पहारेकऱ्याला फूस लावतो’ असं तोंडाने सांगत खेळतात. जमलं की नाही ते वीस पैलूंच्या फाशावर ठरतं. जग तयार विकत मिळतं, पण खरी मजा घरगुती जगात असते. आपलं जग, आपला इतिहास, आपली शहरं. आणि शहर म्हटलं की नकाशा आलाच. ड्रॉइंगच्या तासाला शीट पूर्ण करताना ज्यांच्या जिवावर येतं, तेच लोक रात्री दोन वाजता ए-थ्री कागदावर तटबंदी रंगवत बसलेले मी पाहिले आहेत!

माझी तक्रार परदेशी किल्ल्यांबद्दल नाही. हौसेला देश नसतो. तक्रार ही आहे की आपण काहीही कल्पना करायला मोकळे असताना सगळे मिळून एकच शहर काढतो. सिनेमात पाहिलेलं, कॉम्प्युटर गेममध्ये फिरलेलं. त्या शहराला पुढची बाजू असते, मागची नसते. मी येवल्याचा. आमच्याकडे पैठणी घ्यायला आलेली जाणकार बाई पदरावरच्या मोराकडे नुसतं बघत नाही, आधी पदर उलटा करते. खऱ्या विणकामात मोर मागूनही तसाच दिसतो, लोंबते धागे दिसत नाहीत. नकाशाही असाच उलटा करून बघावा असं माझं मत आहे.

मग सुरुवात कुठून करायची? पाण्यापासून. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत, तेव्हा हिशेबच करू. धरा, शहरात १०,००० माणसं. आजच्या शहरासाठी आपण पुस्तकात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतो. नळ नसलेल्या जुन्या शहरात एवढं कोण ओढणार? २० लिटर धरा. म्हणजे रोज २ लाख लिटर. एका रहाटावर मिनिटाला एक १५ लिटरची बादली वर येते असं मानलं तर तासाला ९०० लिटर. एका विहिरीवर चार रहाट आणि दिवसाचे दहा तास धरले तर ३६,००० लिटर. भागाकार केला की साडेपाच येतात. म्हणजे सहा विहिरी तरी हव्यात, आणि त्या दिवसभर वाहत्या ठेवायला २४ रहाटांवर २४ माणसं. ही माणसं कोण? कुठे राहतात? त्यांना पैसे कोण देतं? एका भागाकाराने शहरात एक वस्ती उभी राहिली बघा. तसंच धान्याचं. माणशी अर्धा किलो धरलं तर रोज ५ टन. एका बैलगाडीत अर्धा टन धरला तर रोज दहा गाड्या वेशीतून आत आल्या पाहिजेत. मग ती वेस दोन गाड्या एकमेकींना चुकवतील एवढी रुंद हवी, बैलांना पाणी हवं, गाडीवानांना झोपायला जागा हवी. तुमचा गुत्ता आता तिथे टाका, वेशीजवळ. चौकात नको.

पाण्याचं महत्त्व आम्हा येवलेकरांना वेगळं सांगायला नको. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. शहराला पाणी येतं ते पालखेडच्या कालव्याचं, साठवण तलावात भरून घेतलेलं. आवर्तन लांबलं की गल्लीत टँकर दिसतो आणि टँकरभोवती अख्ख्या गल्लीचं राजकारण. मनमाडकडून रेल्वेने येताना अंकाई-टंकाईची जोडी दिसते. तिथे वर जाऊन पाहण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत, टंकाईवरची जैन लेणी आहेत, अंकाईची दरवाज्यांची ओळ आहे. पण मला नेहमी वरचं तळंच बघावंसं वाटतं. तळी आणि टाकी नसतील तर डोंगरी किल्ल्याचे बुरूज कितीही उंच असू देत, वेढा पडला की शिबंदी तहानेने खाली उतरणार. आमच्या सूत्रधाराला मी हे सांगितलं तेव्हा त्याने त्याच्या अजिंक्य वगैरे किल्ल्यावर मुकाट्याने चार टाकी काढली.

आणि कोण म्हणतं पाण्यात थरार नाही? पुण्याचं उदाहरण घ्या. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं. वाटेत हवा मोकळी व्हायला उच्छ्वास ठेवले, शहरात हौद बांधले. काही ठिकाणी तो नळ माणूस चालू शकेल इतका उंच आहे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरने त्याच्याही शंभरेक वर्षं आधी डोंगरातलं पाणी जमिनीखालून खेळवलं. नहर-ए-अंबरी ती हीच. आता खेळाच्या दृष्टीने विचार करा. शहराबाहेरच्या तलावापासून थेट राजवाड्याच्या हौदापर्यंत जाणारा अंधारा भुयारी रस्ता, मध्येमध्ये उजेडाचे झरोके, गुडघाभर गार पाणी! तळघरात विनाकारण बसून राहिलेल्या राक्षसापेक्षा हे कितीतरी सरस नाही का? शिवाय ते तिथे का आहे याला कारण आहे. देवगिरीचा अंधारी मार्ग ज्यांनी सहलीत पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको की भुयार बांधणाऱ्याला शत्रूच्या पावलांचा हिशेब माहीत असावा लागतो.

पाण्यानंतर कामधंदा. येवला हे गाव सतराव्या शतकात रघूजी नाईकांनी वसवलं. त्यांनी विणकरांना बोलावून आणलं, धंद्याचा मक्ता दिला, म्हणून ते गाव येवला झालं. नाहीतर तसल्या माळरानावर एवढी पेठ कशाला जमली असती! रेशीम इथे होत नाही, ते कर्नाटकातून येतं. जर सुरतेहून येते. म्हणजे धंद्याचा कच्चा माल शेकडो मैलांवर आणि कसब इथे, गल्लीत. हे कळलं की घर कसं असेल ते आपोआप कळतं. माग घरातच. जमिनीत खड्डा, विणकर जमिनीच्या पातळीवर बसलेला, पाय खड्ड्यात पावड्यांवर. मोराचा एकेक डोळा भरायचा म्हणजे उजेड हवा, तेव्हा माग दाराशी किंवा खिडकीशी. स्वयंपाकघर मागे, अंधारात. सगळ्या घराची रचना त्या खड्ड्याभोवती फिरते. आमच्या शेजारच्या काकांकडे पाहुणे आले की पाहुण्यांनी कुठे बसायचं हे मागच ठरवतो. मी लहानपणी त्या खड्ड्यात उतरून बसायचो. काका म्हणायचे, ‘अरे पोरा, पाय काढ, ते माझं ऑफिस आहे!’

आता पुढची कडी बघा. भारी पैठणी विणायला महिनोन्‌महिने लागतात. तेवढे दिवस विणकराच्या घरात चूल कशावर पेटायची? आगाऊ रेशीम कोण देणार, जर कोण देणार? व्यापारी, सावकार. म्हणून अशा कोणत्याही गावात विणकराचं घर दोन-तीन खणांचं आणि गल्लीच्या तोंडाशी चौसोपी वाडा. ‘खण’ म्हणजे दोन खांबांमधली जागा. आपल्याकडे घर खणांत मोजायचे, ही मोजणी सिव्हिलच्या मुलांनी तरी नकाशात वापरावी अशी माझी फार इच्छा आहे. वाड्याच्या दरवाज्याला दिंडी असते, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, वाकूनच आत शिरावं लागतं. वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही हा एक फायदा. उधारी मागायला आलेला माणूस वाकूनच आत येतो हा दुसरा! दरवाज्याकडे बघून शहरात सत्ता कोणाकडे आहे ते खेळाडूला कळलं पाहिजे. सूत्रधाराने ‘इथे श्रीमंत लोक राहतात’ असं वाचून दाखवायची पाळी येऊ नये.

छपराचंही तेच. कोकणात उतरती कौलं, कारण पाऊस धो धो. आमच्या कमी पावसाच्या पट्ट्यात धाब्याची, माळवदाची घरं. लाकडी तुळया, त्यावर किलचण, वर पांढऱ्या मातीचा थर, आणि वर सपाट. आता स्लॅब आले तरी सपाटपणा तसाच राहिला. आणि छप्पर सपाट असलं, घराला घर लागून असलं, की वर दुसरं गाव वसतं. संक्रांतीला येवल्यात या! भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस खाली रस्त्यावर तुम्हाला माणूस दिसायचा नाही. सगळं गाव गच्चीवर. हलकडी वाजतेय, पतंग काटला की ओरडा होतोय, हातात बांबूची आसारी. बाकीचा महाराष्ट्र जिला फिरकी म्हणतो तिला आम्ही आसारी म्हणतो, आणि विणकामात रेशीम गुंडाळण्याच्या साधनाचं नावही तेच. धंदा सणात कसा उतरतो बघा. म्हणजे पाऊस कमी, म्हणून छप्पर सपाट, म्हणून पतंग, म्हणून आमच्या खेळातल्या चोराला तीन दिवस वरचा रस्ता बंद, कारण वर गर्दी, आणि खालचा मोकळा. ही गोष्ट कुठल्याही तयार पुस्तकात मिळणार नाही. (एका खेळाडूने आपल्या पात्राला नायलॉन मांजा हवा म्हणून हट्ट धरला होता. हरित लवादाने २०१७ मध्ये तो देशभर बंद केला, आमच्या राज्यातही तो बंद आहे, असं सूत्रधाराने जाहीर केलं.)

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. भांडण होतं ते पुढच्या मुद्द्यावर, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

हॉस्टेलवरच्या तिन्ही नकाशांत तटाच्या बाहेर एक वस्ती आहे. एकात ‘गॉब्लिन’ राहतात, एकात ‘ऑर्क’, तिसऱ्यात नुसतंच ‘घाणेरडी वस्ती’ असं लिहिलं आहे. शहराचा कचरा तिकडे जातो, मेलेली जनावरं तिकडे जातात, ते लोक आत आले तर पहारेकरी हाकलतो, आणि खेळाडूंनी त्यांना मारलं तर गुण मिळतात. काढणाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला शंभर टक्के माहीत आहे. तेच तर म्हणणं आहे. मनात काही नसताना हात आपोआप गावकुसाबाहेर एक चौकोन काढतो. तो चौकोन कुठल्या इंग्रजी पुस्तकातून आला असेल, पण तो काढताना आपल्याला काहीच खटकलं नाही, कारण तो आपल्या ओळखीचा आहे.

आणि हे मी येवल्याचा असून गप्प बसून बघावं? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्म सोडण्याची घोषणा केली ती आमच्या गावात. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. त्याच्या आधी पाच वर्षं नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता. दार काही उघडलं नाही. त्याआधी १९२७ साली महाडचं चवदार तळं. तिथला तपशील आपल्यासारख्या नियमपुस्तकं लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. कागदावर तळं खुलं होतं, पण पायऱ्या उतरायची सोय नव्हती. लोक उतरले तेव्हा मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. शहराची रचना म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. एखादी पायरी कोणाला उतरता येते आणि कोणाला नाही, हेही रचनेतच येतं. नकाशात ते दिसत नाही, पण शहरात राहणाऱ्याला पहिल्या दिवशी कळतं.

यावर मित्रांचे दोन आक्षेप आले. पहिला : ‘अरे, खेळ आहे रे! दिवसभर व्हायवा आणि सबमिशन, रात्री तरी डोक्याला शांती दे.’ हा आक्षेप मला मान्य नाही. ज्या खेळात आपण राजा कसा मरतो, करार कसा मोडतो, याच्यावर तीन-तीन तास घालवतो, तिथे पाण्याचा प्रश्नच तेवढा जड कसा होतो? दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. ‘मग सरळ असं शहर काढू ना, जिथे हा भेदभावच नाही. कल्पनेचंच तर जग आहे.’ हे ऐकायला छान वाटतं आणि एखाद्या गटाला तसं खेळायचं असेल तर खुशाल खेळावं. पण भेदभाव नाही असं नुसतं लिहून चालणार नाही. मग मेलेलं जनावर कोण उचलतं, गटार कोण उपसतं, हे लिहा. जादूने होतं? मग ती जादू कोण करतं, रोज पहाटे उठून? उत्तर आलं तर शहर खरंच नवं झालं. नाही आलं तर चौकोन तिथेच आहे, फक्त खोडरबराने पुसलाय.

मला स्वतःला तिसरा रस्ता बरा वाटतो. अन्याय नकाशात ठेवायचा, पण तो मोडता येईल असा ठेवायचा. ती वस्ती राक्षसांची करायची नाही, माणसांची करायची. त्यांना नावं द्यायची, धंदा द्यायचा, त्यांच्यातलंच एखादं पात्र घ्यायला खेळाडूला मुभा द्यायची. आणि त्यांना मारण्याचे गुण बंद. यात एक पथ्य मात्र पाळलंच पाहिजे. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी आजी-आजोबांनी हे खरोखर भोगलेलं असतं. तेव्हा खेळ सुरू करण्याआधी सरळ विचारायचं, आणि कोणी नको म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही. आम्ही विचारलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातला एक, जो एरवी नेहमी उपेक्षित नायकाचंच पात्र मागतो, तो म्हणाला, ‘ठेव. पण मला पहारेकरी दे. विहिरीवरचा. मला त्या बाजूने बघायचंय, तो माणूस घरी जाऊन काय सांगत असेल.’

तर आमचं चौथं शहर असं तयार झालं. नाव ‘सातआड’. हिशेबाप्रमाणे सहा विहिरी तटाच्या आत. सातवी बाहेर, उथळ, चैत्रात तळ दिसतो. विणकरांच्या तीन गल्ल्या, प्रत्येकीच्या मागांचा आवाज वेगळा, त्यामुळे अंधारात चोराला आवाजावरून गल्ली ओळखता येते. सावकाराचा एकच वाडा, त्याची दिंडी अर्ध्या पुरुषाएवढी. डोंगरातल्या तलावापासून वाड्याच्या हौदापर्यंत जमिनीखालून नळ, आणि त्या नळाचा एक उच्छ्वास नेमका बाहेरच्या वस्तीजवळ. तो कोणी तिथे ठेवला हे सूत्रधार सांगत नाही. राजवाडा अजून काढलेला नाही, जागा उरली तर काढू. ड्रॅगन आहे, काळजी नसावी. तो उन्हाळ्यात तलावावर येतो आणि त्याला किती लिटर लागतं याचा हिशेब मेकॅनिकलवाले करत आहेत.

दोन बैठका झाल्या. चैत्र लागला आहे, सातवी विहीर आटली आहे. वस्तीतल्या सहा बायका घागरी घेऊन दुसऱ्या विहिरीच्या पायरीपाशी उभ्या आहेत. राजाचा खुलेपणाचा ठराव त्यांच्यातल्या एकीने बरोबर आणला आहे. पहारेकऱ्याने तो उलटा धरून वाचल्यासारखं केलं, कारण त्याला वाचता येत नाही. फासा अजून टाकलेला नाही, कारण इथे फासा टाकायचा की नाही यावरच आमचं साडेबारापर्यंत भांडण झालं.

पुढची बैठक शुक्रवारी, मेस बंद झाल्यावर, कोपऱ्यातल्या टेबलावर. नवीन येणाऱ्यांनी पट्टी आणि पेन्सिल आणावी. फासे आमच्याकडे आहेत.